बारशात आत्या म्हणून उभं राहताना

माझं माहेर मिरज. तीन भावांत मी एकटी बहीण, म्हणून सहा भाचरांच्या कानात नाव सांगायचा मान मला मिळाला. पहिल्या वेळी फार गडबडले होते. तुमची तशी धांदल होऊ नये म्हणून लिहितेय.

बारसं बाराव्या दिवशी. पाळणा आदल्या दिवशीच टांगा आणि गाठी स्वतः ओढून बघा. पहिल्या भाचीच्या बारशाला कुंची घातलेला वरवंटा पाळण्यात निजवला आणि एक दोरी वीतभर सरकली. आधी वरवंटा घालायची रीत यासाठीच पडली असावी, असं मला तेव्हापासून वाटतं. आता मी आदल्या रात्री पाच किलो ज्वारीची पिशवी ठेवून पाळणा चांगला हलवून घेते.

‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ म्हणत बाळ पाळण्याच्या वरून-खालून देताना एक हात मानेखाली हवाच. बाळाने अजून मान धरलेली नसते. फोटोवाल्याने कितीही घाई केली तरी सावकाश.

नाव अगदी हळू सांगा, मग कुर्रर्र. पाठीत धपाटे बसणारच, म्हणून वाकतानाच पाळण्याची कड दोन्ही हातांनी घट्ट धरा. कुणी मध चाटवायला आलं तर अडवा, मग ती थोरली चुलती का असेना. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे जंतूंच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

घुगऱ्यांचे हरभरे रात्रीच भिजत घाला.

आमच्या गल्लीत बाळाचं कौतुक घरोघरी निराळं. शेजारच्या भाभींच्या नातवाच्या उजव्या कानात जन्मल्याबरोबर अजान दिली, डाव्या कानात इकामत, म्हणजे नमाज सुरू होताना देतात ती हाक. सातव्या दिवशी अकीका, म्हणजे बाळाच्या नावाने कुर्बानी. जावळ काढून त्याच्या वजनाइतकी चांदी दान केली. आपल्याकडे जावळ बऱ्याच उशिरा काढतात, म्हणून तिथे जाऊन ‘एवढ्यात कशाला?’ असं विचारू नका. लिंगायतांच्या घरी जंगम, म्हणजे त्यांचे धर्मगुरू, येऊन बाळाला लिंग बांधतात. जैनांकडे दीड महिन्याने बाळाला बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, नेऊन णमोकार मंत्र ऐकवतात. बाळाच्या कानावर पहिल्यांदा काय पडावं, याची काळजी सगळ्यांनाच. म्हणून नाव सांगताना मी आधी सगळ्यांना गप्प करते.

शेवटी बाळंतिणीकडे बघा. टाके ओले असतात, आणि बायका ओटी भरायला रांगेने येतच राहतात. अर्ध्या तासाने मी ताट बाजूला ठेवते, तिला बाळासकट आत नेते आणि दार ओढून घेते. दुधाची वेळ झालेली असते.