जुन्या ओम्नीत झोपायची सोय: मराठवाड्याच्या उन्हाचा हिशेब धरून

मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, पुढे तिचीच ओम्नी झाली आणि २०१९ साली ती बंद पडली. आपल्याकडे दूध, शाळेची पोरं, लग्नाचं सामान, सगळं तिने वाहिलं. छोटी कॅम्परव्हॅन करायला माझ्या मते हिच्यासारखी गाडी नाही, कारण दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे. उन्हाळ्यात दोन्ही उघडले की वारा आरपार जातो.

घेण्याआधी आरसी बुक बघा. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की फिटनेस करून पुन्हा पासिंग करावं लागतं. मग पत्रा तपासा: मॅटखालची जमीन, चाकांवरची कमान, सरकत्या दरवाजाचा खालचा रूळ. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दाबा. टोक आत गेलं तर पत्रा कुजलाय. आधी वेल्डिंग आणि रंग, नंतरच बाकीचं.

पलंग वेल्ड करू नका. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल कायद्याला चालत नाही. सीट काढायची असली तरी आधी आरटीओत विचारा. सुताराकडून १२ मिलिमीटर प्लायचा, नट-बोल्टवर सुटणारा पलंग करून घ्या. ८ बाय ४ ची एक शीट साधारण पुरते. कापण्याआधी गाडीत आडवे होऊन पाय कुठवर येतात ते बघा. इंजिन फक्त ७९६ सीसीचं आहे, तेव्हा लोखंडी सांगाडा नकोच.

खरं काम छताचं. एप्रिल-मेमध्ये इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्रा तापतो. टपाला पांढरा रंग द्या, आतून चंदेरी फोम चिकटवा, पुढच्या काचेवर बाहेरून चंदेरी पडदा टाका. दरवाजांना वेल्क्रोने मच्छरदाणी लावा.

पंख्यासाठी वेगळी बॅटरी ठेवा, नाहीतर सकाळी गाडीला धक्का. १२ व्होल्टचा १८ वॅटचा पंखा दीड अँपिअर घेतो, ८ तासांत १२ अँपिअर-तास. लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, म्हणून २६ अँपिअर-तासांची घ्या. प्लस टोकाजवळच फ्यूज बसवा.

स्वयंपाक बाहेरच. इंजिन पुढच्या सीटांखाली असतं, म्हणून गॅसची टाकी तिकडे ठेवू नका. शेगडी आत पेटवूच नका.

पहिली रात्र घरच्या अंगणात काढा. मग खुलताबादवरून म्हैसमाळ. घाट चढण्याआधी कूलंट बघा. वाटेत वेरूळची लेणी पाहायची असतील तर मंगळवार टाळा, त्या दिवशी ती बंद असतात.