शुगर आणि हृदय: ‘हे चालतं का?’ विचारून होणाऱ्या या चुका टाळा

शुगर निघाली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘आता काय चालतं?’ मग शेजारी, पाहुणे आणि मोबाइलवरचे मेसेज मिळून उत्तरं देतात: भाकर चालते, भात नाही, गूळ चालतो, साखर नाही. खरा प्रश्न तीन भागांचा आहे. किती, कशाबरोबर, आणि कुठल्या गोळीवर? हे न विचारल्यामुळे आपल्याकडे ज्या चुका घरोघरी होतात, त्या इथे घेतल्या आहेत.

भात सोडला, भाकरीवर आलो, तरी शुगर हटत नाही

काठवटीत घेतलेलं पीठ एकदा वजनकाट्यावर ठेवून बघा. ताटभर मोठी भाकर थापायला 100 ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं आणि तेवढ्या ज्वारीच्या पिठात साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं असतात. 30 ग्रॅम कणकेच्या पोळीत ती 20 ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एक मोठी भाकर तीन पोळ्यांच्या बरोबरीची झाली. ज्वारीत भातापेक्षा तंतू जास्त असतात, पोट लवकर भरतं, हा तिचा गुण खराच आहे. पण दोन भाकरी आणि कोरड्यास म्हणून नुसता ठेचा-तेल, असं जेवण झालं की तो गुण कामाला येत नाही.

एका वेळेला 50 ते 60 ग्रॅम पिठाची एकच भाकर ठेवा. सोबत वाटीभर घट्ट वरण किंवा मटकीची उसळ, दोन मुठी पालेभाजी, काकडी-कांदा. आधी भाजी आणि उसळ संपवा, मग भाकर. एवढ्या बदलानेही जेवणानंतरची चढण कमी होते. त्यावर 10-15 मिनिटं पायी चाला. पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी शुगर तपासा. बहुतेकांसाठी ती 180 च्या आत हवी. दोन-तीन दिवस असं तपासलं की तुमच्या अंगाला किती भाकर सोसते ते आकड्यातच दिसतं. हुरड्याच्या दिवसांत ताटभर हुरडा खाल्ला तर त्या वेळची भाकर बाजूला ठेवा, कारण धान्य तेच आहे.

करडईचं तेल चांगलं म्हणून फोडणीत हात सैल सुटतो, तोही आवरायला हवा. चार माणसांच्या घरात सगळं मिळून महिन्याला दोन लिटरच्या आसपास तेल पुरायला हवं.

गुळाबद्दल थोडक्यात: त्यातला बहुतेक भाग साखरच आहे. चहात साखरेऐवजी गूळ किंवा मध घातल्याने शुगरच्या रुग्णाला काही वाचत नाही. रसवंतीवरच्या 200 मिलीच्या ग्लासात 25 ते 30 ग्रॅम साखर जाते.

रात्री कमी जेवलो, तरी सकाळी 190

याचा उपाय उपाशी झोपणं हा नाही. आधी कारण शोधा. दोन-तीन दिवस झोपताना, रात्री 3 वाजता आणि सकाळी उठल्यावर, अशी तीनदा शुगर बघा. झोपतानाच जास्त असेल तर रात्रीच्या जेवणाचं प्रमाण किंवा वेळ चुकतेय. शेतातून येऊन दहाला जेवणाऱ्यांचं हेच होतं. झोपताना आणि 3 वाजता बरी, पण सकाळी चढलेली असेल, तर पहाटे यकृत साखर सोडतंय. तिथे औषधाची मात्रा किंवा वेळ डॉक्टरच बदलतील. 3 वाजता 70 च्या खाली सापडली तर रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन जास्त होतंय. हे लगेच सांगा.

तपासताना हात साबणाने धुऊन कोरडे करा. आंबा चोखलेल्या बोटावरचा थेंब खोटीच मोठी शुगर दाखवतो, आणि त्या आकड्यावर कुणी इन्सुलिन वाढवलं तर जिवावर बेतू शकतं.

उन्हाळ्यात ‘इन्सुलिन लागू होत नाही’ असं वाटलं तर पेन कुठे ठेवला होता ते आठवा. गाडीच्या डिक्कीत किंवा पत्र्याच्या खोलीत 42 अंशांत ते निकामी होतं. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत ठेवा, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. फ्रीज नसेल तर मोठ्या मडक्यात ओली वाळू, तिच्यात छोटं मडकं आणि त्यात पिशवीत गुंडाळलेलं इन्सुलिन.

एकादशी, साबुदाणा आणि दुपारी चारचा घाम

100 ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात 85 ग्रॅमहून जास्त कर्बोदकं असतात, प्रथिनं जवळपास नाहीतच. सकाळी खिचडीने शुगर उसळते. मग दिवसभर पोटात काही नाही आणि शुगर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी मात्र नेहमीसारखी घेतलेली. चारच्या सुमाराला हात कापतात, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. उपवास करायचाच असेल तर दोन दिवस आधी गोळीचं डॉक्टरांना विचारा. राजगिऱ्याची छोटी भाकर, शेंगदाण्याची आमटी, दही, काकडी असं थोडं थोडं तीनदा खा.

शुगर 70 च्या खाली गेली तर 15 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून द्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, चढली नसेल तर पुन्हा द्या. पेढा देऊ नका, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा चढते. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज ही शुगरची गोळी चालू असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं: ही गोळी साध्या साखरेचं पचन अडवते, म्हणून साखर-पाणी लवकर काम करत नाही. घरात ग्लुकोजची पुडीच हवी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

रस, काढे आणि बिननावाची चूर्णं

कारल्याचा रस किंवा मेथीदाणा शुगर थोडी उतरवतो. म्हणूनच गोळीवर गोळी झाल्यासारखं होऊन शुगर फार खाली जाऊ शकते. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर मेथीदाण्याचा रोजचा डोस डॉक्टरांना न विचारता नको. दुधीचा रस पिणारे असाल तर आधी फोडीचा तुकडा चाखा. कडू लागली तर अख्खा दुधी फेकून द्या. कडू दुधीच्या रसाने रक्ताच्या उलट्या होऊन आपल्या देशात माणसं दगावली आहेत.

‘सात दिवसांत शुगर नॉर्मल’ म्हणणाऱ्या चूर्णांत शुगरच्याच गोळ्यांची भेसळ सापडलेली आहे. मात्रा माहीत नाही, किडनीचं काय होतंय ते कळत नाही. पुडीवर घटक लिहिलेले नसतील तर ती घरात ठेवू नका.

पायाला मुंग्या म्हणजे शुगरच, असं धरून चालणं

मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर शरीरातलं बी-12 कमी होऊ शकतं. माळकरी, शाकाहारी घरांत ते मुळातच कमी मिळतं. मग तळपायाची आग, मुंग्या, चालताना तोल जाणं सुरू होतं आणि सगळं शुगरच्या माथी मारलं जातं. बी-12 भरून काढलं तर हे वेळीच थांबू शकतं, उशीर झाला तर नस परत येत नाही. म्हणून वर्षातून एकदा बी-12 तपासा, पण त्याची गोळी सुरू करण्याआधी, नाहीतर आकडा फसवा येतो. सोबत हिमोग्लोबिनही बघा. लोह कमी असलेल्या बाईची एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) खरीपेक्षा जास्त दिसू शकते.

ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची पुडी बहुधा आठवड्यातून एक, अशी आठ आठवडे देतात. तीच चिठ्ठी दाखवून वर्षभर घेत राहिलं की रक्तात कॅल्शियम चढतं. तहान लागते, लघवी वाढते, मळमळतं. घरचे म्हणतात शुगर वाढली.

माशाच्या तेलाच्या 1000 मिलिग्रॅम कॅप्सूलमध्ये कामाचं ओमेगा-3 बहुधा 300 मिलिग्रॅमच असतं. अशी एक कॅप्सूल हार्ट अटॅक टाळेल या भरवशावर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, बंद करणं ही मोठी चूक. जवसाची चटणी जरूर खा, रोज एक मोठा चमचा, पण जवस भाजून कुटलेलं हवं. अख्खं दाणं तसंच बाहेर पडतं. उन्हाळ्यात आठवड्यापुरतंच कुटा, खवट होतं.

मिठाचं माप असं: माणशी दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चौघांना महिन्याला 600 ग्रॅम. सैंधवही त्यातच मोजा. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असतं. किडनी अधू असेल किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन ही बीपी-हृदयाची औषधं चालू असतील तर ते विचारल्याशिवाय आणू नका, हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

‘गॅस झालाय’

शुगर जुनी असली की नसा बधिर होतात आणि हार्ट अटॅकमध्ये छाती दुखेलच असं नाही. अचानक घाम, धाप, उलटी, जबड्यात किंवा पोटाच्या वरच्या भागात ओझं, नुसता थकवा, यापैकी काहीही असेल तर सोडा-ओवा देत वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत शुगर बघून घ्या. रुग्णाला मोटारसायकलवर बसवू नका. घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, कॅप्सूल एका पिशवीत घालून सोबत न्या. पहिला ईसीजी बरा आला म्हणून परतू नका. डॉक्टर काही तासांनी दुसरा ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाला इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी) सांगतील, तेवढं थांबा. केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी चालू असेल तर तेही तिथेच सांगा, काही यंत्रांवर त्यामुळे ट्रोपोनिन खोटं कमी दिसतं.