छोट्या रंगमंचावर कोठडी उभी करताना

कैदेवरच्या नाटकात दिग्दर्शकाची बहुतेक मेहनत मारहाणीवर जाते आणि तीच वाया जाते. पुण्यातल्या सुदर्शन रंगमंचासारख्या छोट्या जागेत पहिली रांग नटापासून जेमतेम काही फुटांवर असते. तिथे खोटी थप्पड खोटीच दिसते, आणि खरी मारली तर प्रेक्षक पात्र सोडून नटाची काळजी करू लागतो. कैद दिसते ती जागा आणि वेळ यांतून. ही दोन मापं आधी नक्की करा.

जागेपासून सुरुवात करू. केंद्राच्या आदर्श कारागृह नियमावलीत एकट्याच्या कोठडीसाठी 8.92 चौरस मीटर जागा धरली आहे, म्हणजे साधारण 8 बाय 12 फूट. बराकीत माणशी 3.71 चौरस मीटर, साधारण 40 चौरस फूट. तालमीच्या पहिल्याच दिवशी जमिनीवर टेपने 8 बाय 5 फुटांचा चौकोन आखा आणि त्यात तीन नटांना झोपायला लावा. कोणाचा पाय कोणाच्या डोक्याशी, पाण्याची बाटली कुठे, रात्री उठायचं तर कोणाला ओलांडायचं, हे सगळं आपोआप ठरत जातं. भिंती, गज बांधत बसू नका. जमिनीवरच्या गजांच्या सावल्या इतक्या वापरून झाल्या आहेत की प्रेक्षकाला त्या दिसेनाशा झाल्यात. चौकोन पाळला की भिंत दिसते. मात्र एकाही नटाने बेसावधपणे रेघ ओलांडली की ती भिंत त्या प्रयोगापुरती पडली.

नाटकातल्या रात्रीही कोठडीतला दिवा चालू ठेवा. जेलमध्ये अंधार नसतो, हाच त्रास असतो. डोक्यावर 8 फुटांवर जाळीतला एकच एलईडी बल्ब, वेगळ्या सर्किटवर. प्रेक्षकांच्या बाजूला पत्र्याची छोटी झापड लावा, नाहीतर पहिल्या तीन रांगा तासभर डोळे बारीक करून बसतील.

दाराचा आवाज रेकॉर्ड केलेला वापरू नका. पुण्याच्या बोहरी आळीतून बारा इंची लोखंडी टॉवर बोल्ट (दाराची सरकती कडी) आणा, जाड सागवानी फळीवर ठोका आणि फळी प्रेक्षकांच्या मागे, प्रवेशद्वाराजवळ ठेवा. प्लायवूडवर तोच बोल्ट पोकळ, कपाटासारखा वाजतो. फळी पातळच मिळाली तर मागे लोखंडी पट्टी मारा. आवाज पाठीमागून आला की आत कोण अडकलंय ते सांगावं लागत नाही. जुनी कुलुपं, जर्मनची (ॲल्युमिनियमची) ताटं, फायलींचे पुठ्ठे बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात मिळतात. दार मात्र प्रयोगात कधीही खऱ्या कुलुपाने बंद करायचं नाही.

आता वेळ. संहिता लिहायच्या आधी तारखांचा तक्ता करा. अटकेनंतर 24 तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं, मग पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी. आरोपपत्राची मुदत गुन्ह्याप्रमाणे 60 किंवा 90 दिवस; यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली न्यायालय ती 180 दिवसांपर्यंत वाढवू शकतं आणि जामीनही फार अवघड होतो. नाटक या मधल्या काळात असतं, निकालात नाही. 2006 च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोट खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने सर्व 12 आरोपींना निर्दोष ठरवलं ते 21 जुलै 2025 ला. तीनच दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्याला स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवलं नाही. अशी वाक्यं संवादात घालायची तर शेवटपर्यंत घाला; अर्धवट सांगितलं की सभागृहातला एखादा वकील तुमचं पुढचं काही ऐकत नाही.

सर्वांत जास्त चुका कबुलीजबाबात होतात. पोलिसाने मारून कागदावर सही घेतली आणि त्यावर शिक्षा झाली, हे एरवीच्या कायद्यात बसत नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा ठरत नाही. अपवाद तीन: टाडा आणि पोटा हे आता लागू नसलेले दहशतवादविरोधी कायदे, आणि संघटित गुन्हेगारीविरोधातला मकोका. तिथे ठरावीक दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याने नोंदवलेली कबुली चालायची; मकोकात अजूनही चालते. पोटा 2002 ते 2004 या काळातला. गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याचा खटला त्याखालीच चालला आणि सर्वोच्च न्यायालयाने मे 2014 मध्ये सहाही जणांची सुटका केली. म्हणून आधी वर्ष ठरवा, मग कायदा, मग प्रवेश. आणि एरवीच्या खटल्यात खरा रंगतदार प्रवेश आहे पंचनाम्याचा. आरोपीने ‘काढून दिलेली’ वस्तू, दोन पंच, लाखेचं सील. एक पंच चष्मा घरी विसरलाय. हवालदार बोट ठेवून ‘इथं, आणि इथं’ म्हणतो, तो न वाचता सही करतो आणि विचारतो, ‘साहेब, किती वेळ लागंल?’ यात कोणी कोणाला हातही लावलेला नाही.

कपड्यांचंही तसंच. कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून संपलेला नाही त्याला, तुरुंगाचा गणवेश नसतो, तो घरचे कपडे घालतो. पट्ट्यापट्ट्यांचा डगला दिसला की नाटक तिथेच विनोदी होतं. त्याऐवजी एकच शर्ट तीन प्रती शिवून घ्या, पुन्हा पुन्हा धुऊन वेगवेगळे विटवा आणि प्रवेशागणिक बदला.

कट्टरतेकडे वळणारा मुलगा दाखवायचा असेल तर त्याला संघटनेत भरती करणाऱ्याच्या तोंडी लांब, अखंड भाषण देऊ नका. छोट्या जागेत ज्याच्यावर प्रकाश तोच पटतो. तुम्ही त्याच्या विरोधात लिहिलेलंही त्याचाच प्रचार म्हणून ऐकलं जातं. त्याला आधी मुलाचं ऐकू द्या. तो खोलीचं भाडं भरतो, डबा आणतो, मुलाचा झालेला अपमान त्याच्यापेक्षा नीट लक्षात ठेवतो. पहिल्या प्रवेशात मुलाभोवती सहा माणसं ठेवा आणि प्रत्येक प्रवेशात एक कमी करा: आधी मित्र, मग बहीण, सगळ्यात शेवटी आई. कारण सांगू नका. धर्म कोणताही असो, विचार डावा असो की उजवा, हा आराखडा चालतो.

नटाला बांधणं आणि त्याच्या डोक्यावर बुरखा चढवणं यांत हयगय नको. 10 ते 12 मिलिमीटरची सुती दोरी. नायलॉन कातडी सोलतं. गाठ मारायचीच नाही, वेढे देऊन दोन्ही टोकं नटाच्याच मुठीत. बुरखा एकपदरी काळ्या मलमलीचा, खालून उघडा, गळ्याशी नाडी नाही, सलग तीन मिनिटांच्या वर नाही. बेड्या खटक्याने उघडणाऱ्या घ्या. किल्लीच्या हमखास अडकतात. बोथट टोकाची बँडेज कापायची कात्री विंगेत एका ठरलेल्या माणसाच्या खिशात. तोंड बांधलेल्या नटाच्या हातात स्टीलचं फुलपात्र द्या: ते पडलं की प्रयोग थांबणार, ही खूण रोज तालमीआधी एकदा करून बघा. पाण्यात तोंड बुडवण्याचे प्रकार करूच नका, कितीही तालीम झाली असली तरी.

पुण्यात हे नाटक करताना स्फोटाचा आवाज टाळा. फेब्रुवारी 2010 मध्ये कोरेगाव पार्कातल्या जर्मन बेकरीत झालेल्या बॉम्बस्फोटात जखमी झालेलं किंवा आपलं माणूस गमावलेलं कोणीही समोर बसलेलं असू शकतं. आवाजानंतरची शांतता आणि एका वेळी वाजणारे पाच मोबाईल पुरतात.

कागदपत्रं: महाराष्ट्रात संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे (नाटकांच्या सेन्सॉर बोर्डाकडे) द्यावी लागते. प्रमाणपत्र हातात येईपर्यंत सभागृहाची तारीख पक्की करू नका आणि मंजुरीनंतर परस्पर प्रवेश बदलू नका. खटला चालू असेल तर खरी नावं काढा. न्यायालयाचा अवमान आणि बदनामी हे दोन्ही धोके खरे आहेत. नकली बंदूक घेऊन बागेत किंवा गच्चीवर तालीम करणार असाल तर जवळच्या चौकीला आधी कळवा. आणि मध्यंतरात चहाला टपरीवर जाताना वर्दी उतरवून जा, नाहीतर कोणीतरी तक्रार नोंदवायलाच पुढे येतो.