गच्चीवरचा ऑल-स्काय कॅमेरा: या चुका टाळा, नाहीतर ध्रुव कापला जाईल

आमच्या इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या गच्चीवर मागच्या हिवाळ्यात एकदाचा ऑल-स्काय कॅमेरा बसला. म्हणजे काय तर आकाशाकडे तोंड केलेला प्लास्टिकचा डबा, वर पारदर्शक घुमट, आत फिशआय लेन्स (माशाच्या डोळ्यासारखी, एकदम चारी बाजूंचं बघणारी) आणि रात्रभर अख्ख्या आकाशाचे गोल फोटो. पहिला बरा फोटो आईला दाखवला. तिने चष्मा लावला, फोन आडवा-उभा करून पाहिला आणि म्हणाली, "अरे, यात ध्रुव कुठंय?" मी झूम करून शोधतोय शोधतोय, ध्रुव नाहीच! ढग नव्हते, मधे झाड नव्हतं, उत्तरेला सप्तर्षी अर्धवट दिसत होते आणि त्यांच्या खाली फोटोच संपत होता.

चूक माझीच. मी कॅमेरा वेगळा पसंत केला, लेन्स वेगळी पसंत केली, दोघांचे रिव्ह्यू एक नंबर, पण एकमेकांशी जमतात का हे बघितलंच नाही. माझा कॅमेरा झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएसआय १२० एमसी-एस, सेन्सर (म्हणजे चित्र टिपणारी चिप) ४.८ बाय ३.६ मिमी. लेन्स १.५५ मिमी फोकल लेंग्थची फिशआय. आता फिशआयचा ढोबळ हिशोब असा की फोकल लेंग्थला ३.१४ ने गुणा, जे येईल तेवढ्या मिमीचं वर्तुळ पूर्ण १८० अंशांचं आकाश सेन्सरवर पाडतं. १.५५ गुणिले ३.१४ म्हणजे साधारण ४.९ मिमी. सेन्सरची उंची ३.६, मग वरचा-खालचा तुकडा जाणारच ना! गणित केलं तर त्या दोन बाजूंना क्षितिजापासून साधारण साडेतेवीस अंशांपर्यंतचं आकाश गायब. आणि इंदूरचा अक्षांश २२.७, म्हणजे ध्रुव आपल्याकडे जेमतेम २३ अंशांच्या आसपास. अगदी थोडक्यात हुकला बिचारा. दक्षिणेला अगस्त्य तर इथून जास्तीत जास्त साडेचौदा अंश वर येतो, तो माझ्या कॅमेऱ्याला जन्मात दिसला नसता.

यावर फुकटातला उपाय म्हणजे कॅमेरा ९० अंशांत फिरवणं. सेन्सरची लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवली की त्या दिशांना जवळजवळ क्षितिजापर्यंत दिसतं, कापलं जातं ते पूर्व-पश्चिम, आणि आमच्या पूर्वेला तशीही शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आणि पश्चिमेला मोबाइल टॉवर. चार स्क्रू, दहा मिनिटं. पण नवीन घेणाऱ्यांनी हा जुगाड करत बसू नये, आधीच जोडी जुळवून घ्यावी. सेन्सरची लहान बाजू बघायची, लांब बाजू किंवा कर्ण नाही. रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या एचक्यू कॅमेऱ्याची लहान बाजू ४.७ मिमी आहे, त्यावर हीच १.५५ ची लेन्स लावली तर दोन बाजूंना फक्त तीनेक अंश जातात, तिथे शहरात तसंही घरं आणि दिव्यांचा उजेडच असतो. सोनीचा आयएमएक्स १७८ सेन्सर असलेल्या कॅमेऱ्यात ती ५ मिमी आहे, म्हणजे गोल पूर्ण मावतो. आणि आयएमएक्स ४६२, ज्याच्या अंधारातल्या नजरेचं सगळे कौतुक करतात आणि ते खरंही आहे, तो टीव्हीसारखा लांबोडका, लहान बाजू ३.२ मिमी, त्यावर १.५५ लावलीत तर दोन्हीकडचे ३१ अंश गेले. पूर्ण आकाश हवं असेल तर त्याला एक मिमीच्या आसपासची लेन्स शोधावी लागेल.

इथेच अजून एक फसवणूक आहे, इंचांची. सेन्सर १/२.३ इंच लिहिलेला असतो म्हणून लोक २५.४ भागिले २.३ करून ११ मिमी कर्ण धरतात. खरा कर्ण ७.९ मिमी. ही इंचांची भाषा जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या काचेच्या नळ्यांच्या काळातली, तेव्हा नळीचा बाहेरचा व्यास सांगायचे, तीच पद्धत अजून चालू आहे. त्यामुळे इंच विसरा, मिमी बघा. तसंच लेन्सवर १५० अंश लिहिलंय तर ते आडवे, उभे की कर्णावर हे विचारा. माझ्या कॅमेऱ्याबरोबर २.१ मिमीची १५० अंशांची लेन्स आली होती, ती बघून आधी मलाही वाटलेलं की आता काय, झालंच काम.

मेगापिक्सेलच्या मागे तर अजिबात लागू नका. १.५५ मिमी, एफ २ या लेन्सचं उजेड आत घेणारं भोक (फोकल लेंग्थ भागिले एफचा आकडा) ०.७८ मिमीचं असतं, मोहरीच्या दाण्याहून लहान! तेवढ्या भोकातून आलेला उजेड १२ मेगापिक्सेलवर पसरवा नाहीतर सव्वा मेगापिक्सेलवर, ताऱ्याचा प्रकाश काही वाढत नाही. मोठा सेन्सर घेण्याचा खरा फायदा हा की लेन्सही मोठी लावता येते. २.७ मिमी एफ १.८ ची फिशआय एक इंची म्हणवणाऱ्या सेन्सरवर बसते आणि तिचं भोक दीड मिमीचं, म्हणजे जवळपास पावणेचार पट उजेड. खिसाही त्याच हिशोबाने हलका होतो, ते वेगळं.

जेल रोडवर एका दुकानदाराने मला समजावलं होतं की भिया, कशाला एवढं, सीसीटीव्हीचा डोम कॅमेरा उलटा लावा. नका लावू. एक तर त्याचं शटर साधारण सेकंदाच्या छोट्या भागापुरतंच उघडं राहतं, आपल्याला १०, २०, ३० सेकंद हवे असतात, आणि दुसरं म्हणजे त्याचे इन्फ्रारेड दिवे वरच्या घुमटावर आपटून परत आत येतात. ज्या कॅमेऱ्यात एक्स्पोजर (शटर किती वेळ उघडं) आणि गेन (सिग्नल किती वाढवायचा) आपल्या हातात नाहीत तो या कामाचा नाही, विषय संपला.

आता लेन्स लावली आणि नुसता पांढरा धूर दिसतोय, काही म्हणजे काही ओळखू येत नाही, असं झालं तर घाबरू नका, बहुतेक रिंगचा घोळ असतो. लेन्स कॅमेऱ्यावर बसवायच्या दोन पद्धती, सी माउंट आणि सीएस माउंट, यांचे आटे सारखेच, पण सेन्सरपासूनचं अंतर ५ मिमीने वेगळं. एचक्यू कॅमेऱ्याबरोबर ५ मिमीची रिंग येते, लेन्स सी असेल तर ती ठेवायची, सीएस असेल तर काढायची. मी सीएस लेन्सला रिंग तशीच ठेवून दोन रात्री लेन्स खराब आली म्हणून कुढत बसलेलो. उलट, चित्र दिसतंय पण तारे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे दिसतायत, तर तो फोकसचा प्रश्न. एवढ्या छोट्या लेन्सला ०.०२ मिमी इकडचं तिकडे झालं तरी तारा सहा-सात पिक्सेल फुगतो. दिवसा लांबच्या टॉवरवर ढोबळ फोकस करा, मग रात्री घुमट लावून, होय, घुमट लावूनच, बारीक फोकस करा आणि लॉक स्क्रू आवळा. एचक्यूमधला आयआर फिल्टर (इन्फ्रारेड अडवणारी काच) जास्त उजेडाच्या हावेने काढून टाकायचा विचार असेल तर दोनदा विचार करा, वॉरंटी जाते, झाडं गुलाबी दिसतात आणि साध्या लेन्समध्ये इन्फ्रारेडचा फोकस वेगळा असल्यामुळे साबुदाणे परत येतात.

तारे रेषा होतील म्हणून एक्स्पोजर उगाच कमी ठेवणारेही आहेत. एचक्यू आणि १.५५ च्या जोडीत तारा एक पिक्सेल सरकायला साधारण १४ सेकंद घेतो, मिनिटभरात चार-साडेचार पिक्सेल, गोल फोटोत कोणाला कळतंय? शहरात अडचण तारे सरकण्याची नसते, आकाश पांढरं पडण्याची असते. मी घरी १५ सेकंदांवर ठेवतो, शहराबाहेर चोरलला नेला तेव्हा सरळ ६० केले.

घुमट मात्र बघून घ्या. ॲक्रिलिक उन्हात जास्त टिकतं, साधं पॉलिकार्बोनेट पिवळं पडतं, आणि आपण कर्कवृत्ताच्या किंचित खाली, जूनमध्ये सूर्य अक्षरशः डोक्यावर येतो, म्हणजे थेट लेन्सच्या डोळ्यात. मे महिन्यात दिवसा मी सरळ वर स्टीलची पातेली उपडी घालतो. हसा हवं तर.

आणि दव! शब-ए-मालवाचं, म्हणजे माळव्याच्या रात्रीचं, कौतुक आपल्याला, पण डिसेंबरच्या त्याच गार रात्री घुमट दोन वाजता आंधळा होतो, नेमकी मिथुनेतली उल्कावर्षा डोक्यावर असते तेव्हा. घुमटाच्या कडेने आतून ८.२ ओहमचे सहा रेझिस्टर एकापुढे एक जोडून १२ व्होल्ट दिले की जवळपास ३ वॅट उष्णता मिळते, तेवढी आमच्याकडे पुरली. आत सिलिका जेलची पुडी टाका, वायरच्या भोकाला सिलिकॉन लावा आणि आतली प्रत्येक चमकदार गोष्ट काळी करा, कॅमेऱ्याचा छोटा एलईडीसुद्धा, नाहीतर घुमटात भलताच एक हिरवा ग्रह उगवतो आणि फॅमिली ग्रुपवर चर्चा सुरू होते.

कॅमेरा फिरवल्यावर जानेवारीत रात्री साडेदहाचा फोटो आईला पाठवला. उत्तरेला ध्रुव, दक्षिणेला जोशीकाकांच्या सोलर हीटरच्या जरा वर अगस्त्य. तिचा रिप्लाय आला, "दिसला. पण तो हीटर काढायला सांग त्यांना."