मृगाआधी इंजिनाचा आवाज ऐकून घ्या

पेरणी तोंडावर आली की मेस्त्री फोन उचलत नाही. त्यामुळे पॉवर टिलर, डिझेल पंप आणि ट्रॅक्टर मे महिन्यातच शेडबाहेर काढा, चालू करा आणि पाच मिनिटे नुसते ऐका.

एका सिलिंडरचे इंजिन हादरणारच. वर-खाली होणाऱ्या पिस्टनचा झटका फिरणाऱ्या क्रँकचे काउंटरवेट (तोलाचे वजन) पुरता तोलू शकत नाही. धडधड गेल्या हंगामापेक्षा वाढली असेल, तरच कारण शोधा. आधी फाउंडेशन बोल्ट आवळा. इंजिनाखालचे रबर चिरले असेल किंवा डिझेल लागून फुगले असेल तर बदला. ट्रॅक्टर रोटाव्हेटर जोडल्यावरच थरथरत असेल तर इंजिनाला हात लावू नका. एखादे पाते तुटले आहे का, ते बघा.

वरून बारीक टिकटिक येत असेल तर बहुधा टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा भाग, सैल झाला आहे. गॅप मॅन्युअलमधल्या आकड्याप्रमाणे फिलर गेजनेच (फट मोजायच्या पातळ पट्टीनेच) लावा. अंदाजाने जास्त आवळला की आवाज थांबतो आणि मालक खूश होतो. पण व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि पुढे जळतो. गार इंजिनात खळखळ होऊन गरम झाल्यावर ती विरली, तर पिस्टन लायनरवर (सिलिंडरच्या आतल्या नळीवर) आपटतो आहे. ऑइल खात नसेल तर असा हंगाम निघू शकतो. कर्कश, धातूवर हातोडी मारल्यासारखा ठोका डिझेल फवारणारे नोझल ठिबकत असल्याने किंवा टायमिंग पुढे गेल्याने, म्हणजे डिझेल वेळेआधी फवारल्याने येतो. नोझल फ्युएल पंप दुरुस्त करणाऱ्याकडे तपासून घ्या.

लोड घेताच खालून जड ‘ठक-ठक’ वाढली तर मात्र इंजिन तिथेच बंद करा. बहुधा कनेक्टिंग रॉडचे (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग गेलेले असते. तसेच दामटले तर रॉड तुटून ब्लॉक फोडतो. अशा वेळी जाड ऑइल टाकायचा सल्ला देणारा कुणीतरी भेटतोच. त्याने आवाज दबतो, बेअरिंग भरून येत नाही. जुना ट्रॅक्टर विकत घेताना हेही ध्यानात असू द्या.

कोणता सिलिंडर ठोकतो हे पाहायला फिटर नोझलच्या पाइपचा नट एकेक करून सैल करतो. ते स्वतः करू नका. दाबाखालचे डिझेल कातडीतून आत शिरते.

चिखलणीच्या दिवसांत टिलरचे हँडल करकचून धरू नका, अधूनमधून हात मोकळे करा, कानात इअरप्लग घाला. बोटे बधिर होऊन पांढरी पडू लागली तर डॉक्टरांना दाखवा.