मुलांच्या नावाचं गोष्टीचं पुस्तक घरीच कसं बनवायचं आणि ते वाचायचं कसं

वाढदिवसाला मुलाच्या नावाचं पुस्तक गिफ्ट द्यायची हल्ली फॅशन आलीय. ऑनलाइन नाव टाकायचं, केस कुरळे की सरळ ते निवडायचं, फोटो अपलोड करायचा की पुस्तक घरी हजर. दिसतं छान, कागद पण मस्त असतो. पण मराठीत मागवणार असाल तर आधी आतली दोन-तीन पानं बघायला मागाच, कारण या गोष्टी साच्यातल्या असतात, रिकाम्या जागी नाव बसवलेलं असतं, इंग्रजीत ते खपून जातं पण मराठीत लगेच उघडं पडतं. आमच्याकडे भाचीसाठी आलेल्या पुस्तकात पानोपानी 'मनू ला', 'मनू ने' असं तोडून छापलेलं, ते एक वेळ चालवून घेतलं, पण पुढे 'मनू जंगलात गेला' आलं आणि आमची मनू मुलगी आहे. तिनेच पकडलं. म्हणे हा मनू दुसरा कोणतरी आहे.

तर माझं म्हणणं असं की पुस्तकात नाव छापणं हा सगळ्यात छोटा भाग आहे. मूल त्या पुस्तकाला चिकटतं ते त्यात घरातले शब्द, घरातली माणसं आणि खरंच घडलेलं काहीतरी असतं म्हणून. आणि ते तुम्ही घरी करू शकता, चित्रकला येत नसली तरी.

गोष्ट कुठून आणायची? जंगल, परी, राक्षस याच्या मागे लागू नका. मागच्या महिन्यात घरात काय झालं ते आठवा: लाइट गेली, एसटीत खिडकी मिळाली, आजीचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला, बिल्डिंगची लिफ्ट बंद पडली. असं एक निवडायचं आणि मुलालाच विचारायचं "त्या दिवशी काय झालं रे?" आणि ते जे बोलेल ते फोनवर रेकॉर्ड करायचं. मग त्याचीच वाक्यं जमेल तेवढी तशीच ठेवायची. 'आम्ही पायऱ्यांनी वर गेलो' याच्यापेक्षा 'आपण चढलो चढलो चढलो' हे पुस्तकासाठी कधीही भारी.

आम्ही लिफ्टची गोष्ट केली, ती अशी होती, एका ओळीत एक पान:

लिफ्ट बंद. चढ चढ चढ.
पहिला मजला. कुकरची शिट्टी. चढ चढ चढ.
दुसरा मजला. काळा कुत्रा. भू भू! चढ चढ चढ.
तिसरा मजला. कुणाचा तरी पापड जळला. चढ चढ चढ.
चौथा मजला. मामा दमला. मनू नाही दमली. चढ चढ चढ.
पाचवा मजला. घर! आजी म्हणाली, आलात का गं बाई.

साहित्य म्हणून काही ग्रेट नाहीये, पण बघा यात काय काय आहे. 'चढ चढ चढ' प्रत्येक पानावर येतं आणि त्यात काना नाही, मात्रा नाही, जोडाक्षर नाही. मोठ्यांनी बाकीचं वाचायचं आणि तिथे आलं की थांबायचं, तिसऱ्या पानापासून मूल ते स्वतः म्हणतं आणि काही दिवसांनी त्याच्या लक्षात येतं की आपण म्हणतो ते आणि कागदावरचं ते एकच आहे. वाचन सुरू होतं ते इथे. त्यामुळे पुनःपुन्हा येणारी ओळ साध्या अक्षरांची घ्या, 'चल चल घर', 'सरक सरक' असं काहीतरी. बाकी ओळींत लिफ्ट, शिट्टी, कुत्रा अशी जोडाक्षरं आली तर येऊ देत, ती वाचायची जबाबदारी तुमची आहे.

अडीच-तीन वर्षांच्या मुलाला आठ पानं आणि पानाला एक छोटं वाक्य बास झालं. चार-पाच वर्षांचं असेल तर बारा पानं, दोन-तीन वाक्यं.

आता भाषा. घरी जे बोलता ते लिहा. घरात आईला आये म्हणत असतील तर पुस्तकात आये. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी जे असेल ते येऊ दे, शाळेतली प्रमाण मराठी शाळेत भेटेलच, तीन वर्षांच्या पोराला पहिल्या पुस्तकात स्वतःच्या आजीचा आवाज ओळखू आला पाहिजे. परदेशात किंवा इंग्लिश मीडियममध्ये असलेल्यांना तर हे जास्तच लागू, कारण तिथे मूल मराठी ऐकतं ते फक्त घरात, आणि आजी-आजोबांना पीडीएफ पाठवून दिली की व्हिडिओ कॉलवर तिकडून ते वाचतात, इकडे मूल पान उलटतं.

नावाबद्दल थोडं. मुलं बहुतेक वेळा सगळ्यात आधी ओळखतात ते आपल्या नावाचं पहिलं अक्षर. रस्त्यात मोबाइलच्या दुकानाची पाटी दिसली की "माझा म!" म्हणून ओरडतात. म्हणून नाव प्रत्येक पानावर नको पण चार-पाच ठिकाणी तरी यायला हवं, आणि एकसारखंच लिहिलेलं. नाव अद्वैत, प्रज्ञा, श्रीशा असं जोडाक्षराचं असेल तर कव्हरवर पूर्ण नाव आणि आत घरचं नाव घ्या, सोनू, चिऊ, बाळा जे काय असेल ते. आणि 'न ला दीर्घ ऊकार नू' असली फोड वाचताना करत बसू नका. म-नू, दोन टाळ्या. आ-र-व, तीन टाळ्या. एवढंच. आपल्या लिपीत जवळजवळ प्रत्येक अक्षराला एक टाळी बसते, त्याचा फायदा घ्या.

टाइप करताना एक गंमत करा: आधी फक्त 'लाल शाल' असं टाइप करून प्रिंट काढा. बऱ्याच फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात, मराठीतला पाकळीचा ल आणि देठाचा श येत नाही. मोठ्यांना फरक पडत नाही पण मूल बालवाडीच्या तक्त्यावर एक ल बघतं आणि पुस्तकात वेगळाच, तर बिचारं गोंधळतं. दोन-चार फॉन्ट टाकून बघा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बालू' हे फॉन्ट गुगल फॉन्ट्सवर फुकट आहेत, तिथून सुरुवात करा आणि वर्डमध्ये भाषा मराठी निवडा, काही फॉन्ट तेवढ्याने सुधारतात. साइज 28 ते 36, शब्दांमध्ये नेहमीपेक्षा जास्त जागा, आणि अक्षरं चित्रावर चढवू नका, पांढऱ्या पट्टीवर खाली. थर्मोकोलच्या मखरासारखी कलाकुसर केलेले फॉन्ट तर नकोच.

चित्रांसाठी फोटो सगळ्यात सोपे. मोबाइल आडवा धरा, मुलाच्या उंचीवर बसा, आणि प्रत्येक फोटोत मूल नको. कुकर, कुत्रा, जिना, आजीच्या चपला असे फोटो जास्त कामाला येतात कारण मूल त्यांच्याकडे बोट दाखवून बोलतं. फोटो दुसऱ्याकडून मागवत असाल तर व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, नाहीतर क्वालिटी पडते आणि प्रिंट फाटका येतो. चित्रंच हवी असतील तर प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही वेबसाइट बघा, 2015 पासून सुरू आहे, तिथे मराठी पुस्तकं फुकट डाउनलोड होतात आणि खुल्या परवान्यातली चित्रं घेऊन स्वतःची गोष्ट पण रचता येते, फक्त चित्रकाराचं नाव द्यायचं. मुलानेच काढलेली चित्रं लावली तर प्रश्नच मिटला. गोल आणि त्याला दोन काठ्या म्हणजे मामा, चालतंय.

एआय ॲपमध्ये मुलाचा फोटो टाकून कार्टून बनवून घेणं आता सोपं झालंय, मी स्वतः ते टाळते. तो फोटो कुठे साठवला जातो, किती दिवस राहतो हे कुणी सरळ सांगत नाही. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते असं आहे खरं, पण आपणच आय ॲग्री दाबून मोकळे होतो. करायचंच असेल तर चेहरा न देता नुसतं वर्णन लिहा, दोन शेंड्या, पिवळा फ्रॉक वगैरे.

प्रिंटिंग. पानांचा आकडा चारच्या पटीत ठेवा, 8, 12 किंवा 16, कव्हर धरून. ए-फोर कागद मधून दुमडला की एका कागदाची चार पानं होतात, म्हणजे 12 पानी पुस्तकाला तीनच कागद. पानांची उलटसुलट जुळवणी डोक्याने करायला जाऊ नका, ॲडोबी रीडरच्या प्रिंटमध्ये बुकलेट ऑप्शन आहे तो निवडला की आपोआप होतं. झेरॉक्सवाल्याला सांगा कलर, बॅक टू बॅक, जाड कागद (जीएसएम म्हणजे कागदाच्या जाडीचा आकडा; 130 जीएसएम बरा पडतो, 170 ला घडी नीट बसत नाही) आणि सेंटर पिन. मोठा स्टेपलर नसेल त्याच्याकडे तर सुई-दोऱ्याने मधे तीन टाके घाला, लहान मुलांच्या हातात खरं म्हणजे तेच जास्त सेफ. दोन वर्षांच्या आतबाहेरचं मूल असेल आणि सगळं तोंडात जात असेल तर सुटी पानं लॅमिनेट करून स्पायरल करून घ्या, पण कोपरे कात्रीने गोल कापा, लॅमिनेशनचा कोपरा चांगलाच बोचतो. आणि दोन कॉपी काढा. एक फाटणार आहेच.

आता वाचायचं कसं, कारण पुस्तक झालं म्हणजे मूल वाचेल असं काही नाही. 1988 साली अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना पुस्तक वाचायची वेगळी पद्धत शिकवली, नुसतं वाचून न दाखवता मुलाला बोलतं करायचं, आणि महिन्याभरात ती मुलं बोलण्याच्या चाचण्यांमध्ये नुसतं ऐकणाऱ्या मुलांच्या पुढे निघाली. त्याला डायलॉजिक रीडिंग म्हणतात. करायला अगदी सोपं आहे. "हे काय आहे?" च्या ऐवजी "इथे काय चाललंय?" विचारायचं. मग गप्प बसायचं, मनात पाच आकडे मोजायचे, आपल्याला ते जमत नाही, आपण लगेच उत्तर देऊन टाकतो. मूल म्हणालं "कुत्रा" की आपण म्हणायचं "हो, काळा कुत्रा, कुणावर भुंकतोय गं तो?" म्हणजे त्याचाच शब्द घेऊन एक पाऊल पुढे. स्वतःच्या घरातली गोष्ट असली की याला जास्तच रंग चढतो कारण मुलाला पुस्तकाच्या बाहेरचं पण माहीत असतं. पापड कुणाचा जळला ते मनूला माहीत आहे, पुस्तकात नाही.

वाचताना बोट शब्दाखाली फिरवा, एकेका अक्षराखाली नको. 'शिट्टी'मध्ये पहिली वेलांटी श च्या आधी दिसते पण उच्चार नंतर होतो, अक्षराअक्षराला बोट लावलं की तीन-चार वर्षांच्या मुलाचा घोटाळा होतो. सगळ्या पानांवर बोट नाही फिरवलं तरी चालेल, 'चढ चढ चढ'ला फिरवा. आणि परीक्षा घेऊ नका. पाहुण्यांसमोर "वाचून दाखव बरं काकांना" हे तर अजिबात नको. पाठ म्हणत असेल तर "हे पाठ केलंय, वाचत नाहीये" म्हणून हिणवू पण नका, पाठ असलेल्या ओळीवर बोट ठेवूनच मुलं शब्द ओळखायला लागतात.

एकच काळजी घ्या, सगळी पुस्तकं 'माझीच' नकोत. स्वतःच्या नावाच्या पुस्तकात मुलं भरपूर बोलतात पण बोलतात ते स्वतःबद्दलच, दुसऱ्या गावातली, दुसऱ्या घरातली मुलं, वाघ, चंद्र, समुद्र हे बाकीच्या पुस्तकांतून यायला हवं. असं एक घरचं पुस्तक आणि तीन-चार लायब्ररीतली असं शेजारी शेजारी ठेवा, मूल स्वतःच अदलाबदल करतं.

आणि दुसरं पुस्तक करताना हिरो कोण ते मुलाला ठरवू दे. आमच्याकडे ऑर्डर आलेली आहे, दुसऱ्या मजल्यावरच्या काळ्या कुत्र्याची, आणि त्यात मनू फक्त एका पानावर, पाठमोरी.