तासाभरात ऑइल बदलून घेताना : गाडी देण्याआधी, काम चालू असताना आणि घरी आणल्यावर

मोटारीच्या देखभालीतले सर्वांत साधे काम म्हणजे इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलणे. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट खोलायचा, जुने ऑइल गळू द्यायचे, फिल्टर बदलायचा, नट आवळायचा आणि मोजून नवे ऑइल भरायचे. सरावलेला मेकॅनिक हे काम अर्ध्या तासात हातावेगळे करतो. म्हणूनच शहरांत तासाभरात ऑइल बदलून देणारी, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणारी मल्टिब्रँड दुकाने ठिकठिकाणी दिसतात आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येही झटपट सर्व्हिसची सोय असते. तरीही मित्रमंडळींचे आणि शेजाऱ्यांचे अनुभव ऐकले, तर बरीचशी नाराजी याच साध्या कामाभोवती असते. कोणाच्या गाडीखाली ऑइल ठिबकू लागते, कोणाच्या बिलात न सांगितलेली कामे येतात, तर कोणाला आपल्या गाडीत नेमके कोणते ऑइल गेले हेच कळत नाही. माझ्या मते यांतल्या बऱ्याच गोष्टींचे मूळ लबाडीपेक्षा घाईत असते आणि गाडीचा मालक योग्य वेळी दहा मिनिटे समोर उभा राहिला, तर त्या टळतात.

दुकानाची वाट धरण्याआधी गाडीसोबत आलेले मालकपुस्तक उघडावे. त्यातून तीन गोष्टी कागदावर उतरवून घ्याव्यात : ऑइलचा ग्रेड, त्याचे मानक आणि फिल्टरसह लागणारे ऑइल किती लिटर. ५डब्ल्यू-३० या ग्रेडमधला पहिला आकडा इंजिन थंड असताना ऑइल किती सहज वाहते हे सांगतो आणि दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअस तापमानाला त्याचा दाटपणा किती राहतो हे सांगतो. मानक म्हणजे पेट्रोल गाडीसाठी एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएन किंवा २०२० मध्ये आलेले एपीआय एसपी यांसारखी अक्षरे, जी डब्यावर छापलेली असतात. एप्रिल २०२० नंतरच्या, प्रदूषणाचे बीएस-६ निकष पाळणाऱ्या डिझेल गाडीच्या बाबतीत मानक विशेषच पाहावे, कारण त्यांतल्या बहुतेक गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारा डीपीएफ असतो आणि त्याला कमी राख सोडणारे ऑइलच चालते. चुकीच्या ऑइलची राख त्यात हळूहळू साठते, ती जळून जात नाही आणि पुढे येणारा खर्च ऑइलच्या किमतीच्या कित्येक पट असतो.

‘आपल्याकडे हवा गरम, तेव्हा जाड ऑइल टाकू या, इंजिन शांत चालेल,’ असा सल्ला अनेक गॅरेजांत आपुलकीने दिला जातो. तो नम्रपणे नाकारावा. इंजिन एकदा तापले की थर्मोस्टॅट त्याचे तापमान ठरावीक मर्यादेत ठेवतो, मग बाहेर महाबळेश्वरची थंडी असो वा चंद्रपूरचा मे महिना. आजच्या इंजिनांत ऑइलच्या वाटा अरुंद असतात आणि झडपांची वेळ बदलणारी यंत्रणाही बहुधा ऑइलच्या दाबावर चालते. ती पुस्तकात दिलेल्या पातळ ऑइलसाठीच आखलेली असते. पुस्तकात एकाहून अधिक ग्रेड दिलेले असतील, तर त्यांतून निवड करण्यास हरकत नाही.

गाडी वॉरंटीत असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करावी, असे मी सुचवीन. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, केवळ बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे म्हटले होते आणि कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. ग्राहकाच्या बाजूचा हा मुद्दा महत्त्वाचा असला, तरी इंजिन उघडायची वेळ आल्यावर काउंटरवर उभे राहून वाद घालण्यापेक्षा शिक्का असलेले सर्व्हिस बुक पुढे करणे सोपे जाते. वॉरंटी संपल्यानंतर मात्र गल्लीतला विश्वासू मेकॅनिक, मल्टिब्रँड दुकान आणि अधिकृत केंद्र हे तिन्ही पर्याय सारखेच खुले आहेत. निवड करताना दुकानाच्या चकाकीपेक्षा एकाच प्रश्नाला वजन द्यावे : गाडी लिफ्टवर असताना मला जवळ उभे राहता येईल का? ‘हो’ म्हणणारे दुकान मी नेहमी पसंत करतो.

काउंटरवर जॉब कार्ड भरले जाते, ते घाईने सही करून सोडून देऊ नये. त्यावर किलोमीटरचा आकडा, टाकीतले इंधन, अंगावरचे ओरखडे आणि आपण सांगितलेली कामे लिहिली आहेत का, हे वाचावे. ऑइलच्या पुढे नुसते ‘इंजिन ऑइल’ न लिहिता ग्रेड, मानक आणि लिटर लिहून घ्यावेत. एस्टिमेटमध्ये सुटे भाग, ऑइल आणि मजुरी वेगवेगळी मागावीत आणि ‘फोनवर विचारून होकार मिळाल्याशिवाय कोणतेही जादा काम करू नये’ हे वाक्य जॉब कार्डावरच लिहायला सांगावे. एवढ्या एका वाक्याने बिलावरचे निम्मे वाद संपतात, असा माझा अनुभव आहे.

ऑइल दोन तऱ्हेने येते. मोठ्या केंद्रांत ते पिंपातून मीटर लावलेल्या नळीने भरतात, तर लहान दुकानांत सीलबंद डबा फोडतात. पिंपातून भरताना मीटरचा आकडा पाहावा आणि तो पुस्तकातल्या क्षमतेशी ताडावा. छोट्या पेट्रोल गाडीला बहुधा तीन ते साडेतीन लिटर ऑइल लागते, तेव्हा बिलात चार लिटर दिसले तर विचारणे रास्तच आहे. डब्यातले ऑइल असेल, तर सील आपल्या देखत तोडावे, उत्पादनाची तारीख आणि बॅच क्रमांक यांचा फोटो घ्यावा, उरलेले ऑइल डब्यासह मागून घ्यावे आणि डबा रिकामा झाला की त्याला खिळ्याने भोक पाडावे. नामांकित कंपन्यांच्या रिकाम्या डब्यांत भेसळीचे ऑइल भरून पुन्हा विकण्याचा धंदा चालतो, आणि आपला डबा त्या वाटेने जाऊ नये एवढे तरी आपल्या हातात असते. पुण्यात नाना पेठेतून फिल्टर आणि ऑइल स्वतः आणून मेकॅनिकला फक्त मजुरी देणारेही अनेक जण आहेत. ओळखीचा विक्रेता आणि पक्के बिल असेल, तर हाही मार्ग चांगला आहे.

आता लिफ्टखाली काय पाहायचे ते सांगतो, कारण चुका होतात त्या येथेच. गाडी थोडी चालवून आणलेली असावी. कोमट ऑइल पटकन आणि जास्त निघते. नट काढल्यावर धार बारीक होऊन थेंब थेंब पडू लागेपर्यंत थांबावे लागते आणि झटपट कामात ही मिनिटे सर्वांत आधी कापली जातात. नटाखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा चपटा वॉशर असतो. तो आवळताना दबून जागा घट्ट बंद करतो, म्हणून दर वेळी नवा घालायचा असतो. किंमत अगदी किरकोळ असल्याने त्याची आठवणही किरकोळ राहते. आपण ‘वॉशर नवा घातला का?’ असे विचारावे. नट आधी हाताने काही आटे फिरवून बसवावा आणि मगच पाना लावावा. हवेच्या गनने एकदम आवळलेला नट ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे खातो आणि मग प्रकरण चेंबर बदलण्यापर्यंत जाते.

फिल्टरच्या बाबतीत एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. डब्यासारखा फिल्टर फिरवून काढला की त्याची काळी रबरी रिंग कधी कधी इंजिनलाच चिकटून राहते. मेकॅनिकने बोटाने चाचपून ती निघाली आहे ना हे पाहिले नाही आणि नवा फिल्टर त्यावरच बसवला, तर एकावर एक दोन रिंगा होतात. दुकानात सारे ठीक दिसते, पण रस्त्यावर ऑइलचा दाब वाढला की वरची रिंग सरकते आणि काही मिनिटांत सगळे ऑइल रस्त्यावर येते. म्हणून जुना फिल्टर हातात मागून घ्यावा आणि त्याची रिंग त्याच्याच तोंडाशी आहे, हे डोळ्यांनी पाहावे. चांगला मेकॅनिक नव्या रिंगेवर बोटाने ताज्या ऑइलचा हात फिरवतो आणि फिल्टर हातानेच आवळतो.

ऑइल भरून झाल्यावर इंजिन मिनिटभर चालू करून लाल ऑइल दिवा विझतो ना हे पाहावे, मग ते बंद करून पाच-दहा मिनिटे थांबावे आणि सपाट जागेवर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, स्वतः काढावी. ती एकदा फडक्याने पुसून, पूर्ण आत घालून पुन्हा काढली की पातळी दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेजवळ दिसली पाहिजे. कमी ऑइलचा धोका सर्वांना ठाऊक असतो. जास्त ऑइलही तितकेच वाईट, कारण क्रँकशाफ्ट हा इंजिनातला फिरता दांडा त्यात बुडून ते घुसळतो, फेस होतो आणि फेसाने दाब टिकत नाही. येथे एक खुलासा केला पाहिजे. डिझेल गाडीत नवे ऑइल थोड्याच अंतरात काळे पडते, कारण आतली जुनी काजळी त्यात मिसळते. तेवढ्यावरून ‘ऑइल बदललेच नाही’ असा आरोप मेकॅनिकवर करू नये. पेट्रोल गाडीत मात्र ते काही दिवस मधाच्या रंगाचे राहायला हवे.

काम चालू असताना फोन येतो : ‘साहेब, इंजिन डीकार्ब करून घ्या, एसीचे डिसइन्फेक्शन करून टाकू, खालून अँटी-रस्ट मारू, उंदरांचा स्प्रेही मारून ठेवतो.’ डीकार्ब म्हणजे इंजिनात साठलेली काजळी काढणे. यांतले प्रत्येक काम निरर्थक असते असे नाही. कोकणात किंवा गोव्यात खाऱ्या हवेत गाडी राहत असेल, तर खालच्या बाजूच्या लेपाला अर्थ आहे. पण पुस्तकातल्या देखभालीच्या तक्त्यात जे नाही आणि गाडीत ज्याचे लक्षण नाही, त्याला नकार देताना संकोच वाटू देऊ नये. मी प्रत्येक वेळी एकच विचारतो : ‘तुम्हाला काय दिसले म्हणून हे काम सुचवता?’ ब्रेक पॅड संपले असतील, तर टक्केवारी न ऐकता उरलेली जाडी मिलिमीटरमध्ये आणि तिचा फोटो मागावा. एअर फिल्टर आणि एसीचा फिल्टर काढून दाखवायला सांगावे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते आणि बहुतेक कंपन्या ते साधारण दोन वर्षांनी बदलायला सांगतात, तेव्हा त्या सूचनेला आपण होऊन होकार द्यावा. अलाइनमेंट केली असेल, तर आधीच्या आणि नंतरच्या आकड्यांचा छापील कागद घ्यावा.

बिल चुकते करण्याआधी ते जॉब कार्डाशेजारी ठेवून वाचावे. ‘कन्झ्युमेबल्स’ या नावाखाली मोघम रक्कम दिसली, तर तीत काय आले ते विचारावे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोटारीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे आणि मजुरीवरही तितकाच आहे. कुठे २८ टक्के लावलेले दिसले, तर ते तिथेच दुरुस्त करून घ्यावे. जुने ऑइल मात्र दुकानातच सोडावे. ते घातक कचऱ्यात मोडते आणि अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. ते नाल्यात ओतणे बेकायदा तर आहेच, पण आपल्याच पाण्याशी केलेला द्रोहही आहे.

गाडी घरी आणल्यावर पहिल्या रात्री तिच्याखाली जुना पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र पसरावे. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून ऑइल बदलून आणल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी मला पार्किंगच्या फरशीवर आठ आण्याच्या नाण्याएवढा तपकिरी डाग दिसला. डिपस्टिक पाहिली तेव्हा पातळी ठीक होती, म्हणून मी डागाचा आणि नटाखाली लोंबणाऱ्या थेंबाचा फोटो काढला आणि जॉब कार्ड क्रमांकासह दुकानाच्या व्यवस्थापकाला पाठवला. पातळी खालच्या खुणेखाली असती किंवा चालताना लाल दिवा लागला असता, तर गाडी तिथेच बंद करून टो करून नेणे हाच मार्ग होता. ‘दुकान जवळच आहे’ म्हणून चालवत नेलेली इंजिने जाम झालेली मी पाहिली आहेत. अशा वेळी दुसरीकडे दुरुस्ती करून घेण्याची घाई करू नये, कारण पुरावा त्याच नटात असतो.

दुकानाने हात झटकले, तर आधी लेखी तक्रार, मग कंपनीचे ग्राहक सेवा केंद्र आणि त्यानंतर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, असा क्रम ठेवावा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष काम ही सेवेतील त्रुटी ठरते. जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, मोबदला पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही आणि वकील नेमण्याची सक्ती नाही. तेथे बोलतात ती कागदपत्रे : जॉब कार्ड, बिल, फोटो आणि लेखी संदेश.

माझ्या बाबतीत तितकी वेळ आली नाही. व्यवस्थापकाने गाडी परत बोलावली, लिफ्टवर घेतली आणि नट काढल्यावर जुनाच, एका बाजूने झिजलेला वॉशर माझ्या तळहातावर ठेवला. नवा वॉशर घालून नट आवळला, निघालेल्या ऑइलऐवजी नवे भरले, इंजिन दहा मिनिटे चालू ठेवले आणि मेकॅनिकने मला लिफ्टखाली बोलावून नटाभोवती बोट फिरवायला सांगितले. बोट कोरडे आले, तेव्हा मी जॉब कार्डावर सही केली.